काचेच्या पाटीवरचा सोनेरी वर्ख दर पावसाळ्यात सुटतो? पुन्हा मुलामा देण्याआधी हे तपासा

सराफाच्या दारावरची, वकिलाच्या केबिनवरची, दवाखान्याच्या दर्शनी काचेवरची, देवघराच्या दारावरची, कुठलीही असो, काचेच्या मागून सोन्याचा वर्ख लावून केलेली पाटी ठाण्यात आणि नवी मुंबईत साधारण एकाच पद्धतीने बिघडते. जुलैत काहीतरी दिसायला लागतं. गणपतीपर्यंत ते वाढतं. दिवाळीच्या आधी मालक पेंटरला बोलावून तेवढी दोन अक्षरं पुन्हा सोनेरी करून घेतात आणि पुढच्या जुलैत ये रे माझ्या मागल्या, तीच दोन अक्षरं पुन्हा जातात.

अशा पाट्या दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात सगळ्यात आधी सांगायची गोष्ट ही की सोनं खराब झालेलं नसतं. खऱ्या सोन्याला हवेने, पाण्याने काही होत नाही. खराब होते ती त्याची पाठ. त्या पाठीपर्यंत पाणी कुठून पोचतं हे न शोधता नवा वर्ख लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पाटी समोरून पाहिली की आधी काच येते. तिच्या मागे जिलेटिनचा, डोळ्याला न दिसणारा थर, त्यामागे वर्ख, वर्खामागे इनॅमलचा रंग, म्हणजे बॅकिंग, आणि सगळ्यात मागे वार्निश. खरा वर्ख साधारण मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका जाड असतो. दहा हजार वर्ख एकावर एक रचले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. एवढ्या पातळ पदराला स्वतःची ताकद काय असणार? पुढून काच आणि मागून रंग यांनी धरून ठेवलं तरच तो राहतो. रोमन लोक दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख ठेवून त्या काचा तापवून एकजीव करत. तशा वाट्यांचे तळ सोळाशे-सतराशे वर्षांनंतरही संग्रहालयांत सोनेरीच आहेत, कारण पाण्याला आत शिरायला वाटच नाही. आपल्या पाटीला मागून फक्त रंगाचा आणि वार्निशचा आधार असतो. म्हणून सगळी तपासणी पाठीभोवती फिरते.

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा "सोनं उडालं" एवढीच येते. पण नेमकं काय दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, तेव्हा आधी नीट बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सकाळचा एक आणि दुपारचा एक.

पांढुरकं धुकं: अक्षर जागेवर आहे, पण आरशासारखी झळाळी जाऊन दुधाळ दिसतं. हे धुकं सकाळी जास्त आणि दुपारी कमी होत असेल तर आत ओल आहे. दिवसभर सारखंच असेल तर जिलेटिन जास्त झालंय किंवा वार्निश पांढरं पडलंय.

काळे, तपकिरी किंवा हिरवट ठिपके: खऱ्या सोन्याला हे होत नाही. पितळी वर्खाला होतं. चांदीच्या वर्खाला काळेपणा येतो, आणि ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात जरा लवकरच येतो. ओहोटीला चिखलातून जो कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदी काळी करणारा वायू हाच.

बारीक जाळीदार तडे: अक्षराच्या अंगावर सगळीकडे केसासारख्या रेषा दिसतात. हा पाठीच्या रंगाचा दोष.

कड उचलणं: देवनागरीत याची सुरुवात कुठून होते ते जवळजवळ ठरलेलं आहे. अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकाराचं टोक आणि शिरोरेषेची वरची कड. ठिपका लहान, म्हणजे क्षेत्रफळाच्या मानाने त्याला कड जास्त, आणि पाणी शिरतं ते कडेनेच. शिरोरेषेचं कारण वेगळं आहे. पाठीवरून ओघळणारा थेंब रंगाच्या जाडीने तयार झालेल्या त्या आडव्या कंगोऱ्यावर अडतो आणि तिथेच बसून राहतो. इंग्रजी अक्षरांच्या पाटीत असा सलग आडवा कंगोरा नसतो. एकाच काचेवर दोन्ही लिप्या असतील तर मराठी ओळ आधी जाते याचं हे एक कारण.

दुसरं कारण माणसांच्या घाईचं आहे. दुकानांवर देवनागरी पाटी सक्तीची करणारी दुरुस्ती २०२२ची, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या वेळी जुन्या इंग्रजी काचेवर मराठी ओळ घाईने, जागेवरच, भर दमट हवेत चढवली गेली. आपल्या लिपीतली अक्षरं सोन्यात यावीत आणि ती इंग्रजीच्या आधी झडावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नीट केली तर ती त्याच काचेवर तितकीच टिकतात.

उरलेली लक्षणं थोडक्यात. फुगे आले असतील तर काच नीट धुतलेली नव्हती किंवा मागून ओल दाब देते आहे. पुसताना अक्षर फडक्यावर आलं तर वार्निशच नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर वर्खाचा दुसरा हात दिलेला नव्हता.

पहिली तपासणी: फडकं आणि टॉर्च

खर्च शून्य. आधी समोरची बाजू साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा. धुकं गेलं तर ते काचेच्या बाहेरचे क्षार होते. बोअरवेलच्या पाण्याने काच धुणाऱ्या सोसायट्यांत हे सर्रास दिसतं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून समोरच्या बाजूने पुसा, कोरडं करा, काम झालं. व्हिनेगर मागच्या बाजूला मात्र अजिबात जाऊ देऊ नका.

मग संध्याकाळी, आतले दिवे बंद करून, कुणाला तरी काचेच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. ही तपासणी मला फार आवडते, कारण ती एका मिनिटात कुठला थर गेलाय ते सांगते. पाठ शाबूत असेल तिथे अक्षर पूर्ण अपारदर्शक दिसेल. पाठीचा रंग गेलाय पण वर्ख शिल्लक आहे, तिथे अंधुक हिरवट-निळसर उजेड दिसेल, कारण सोन्याच्या इतक्या पातळ पदरातून प्रकाश आरपार येतो आणि येताना हिरवा होतो. वर्खही गेला असेल तिथे टॉर्चचा पांढरा ठिपका थेट डोळ्यात येईल. हिरवे डाग म्हणजे अजून वेळ आहे, मागून नवीन रंग देऊन पाटी वाचेल. पांढरे ठिपके म्हणजे वर्ख पुन्हा लावावा लागेल. कुठल्या अक्षरात काय दिसलं ते कागदावर मांडून ठेवा.

भिंतीला लावलेल्या पाटीत मागे टॉर्च जात नाही. तिच्यासाठी तिसऱ्या तपासणीकडे जा.

दुसरी तपासणी: काच पुसतं कोण आणि कशाने

मालकांना हे बहुतेक ठाऊक नसतं, म्हणून सफाईला येणाऱ्या मावशींना थेट आणि नीट विचारावं. "मावशी, ही काच आतून कशाने पुसता?" "निळं पाणी मारते फुसफुस. स्टिकर चिकटलं असेल तर ब्लेड." एवढ्यात निम्मं निदान होतं. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं क्लीनर वार्निशला हळूहळू मऊ करतं, आणि ब्लेड एकदा जरी अक्षराच्या कडेला लागलं तर तिथून पाण्याला कायमचं दार उघडतं. त्यांचा यात काही दोष नाही. ही काच वेगळी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. समोरून काहीही वापरा, आतून फक्त कोरडं मऊ फडकं, तेही अक्षरांच्या भोवतीने, असं प्रेमाने समजावून सांगा.

दुकानाच्या काचेत खालची ओळच जात असेल तर फरशी धुताना उडणारं पाणी बघा. सकाळी बादली ओतून दुकान धुतलं की आतल्या बाजूला वीतभर उंचीपर्यंत शिंतोडे येतात, आणि त्या पाण्यात फिनेल किंवा साबण असतो.

तिसरी तपासणी: पाणी कुठून येतं

इथे घाई करू नका. वारंवार सुटणाऱ्या पाट्यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पाटी भिंतीला चिकटून बसवली आहे का? काच आणि भिंत यांच्यामध्ये एखादं पोस्टकार्ड तरी सरकतं का बघा. सरकत नसेल तर भिंतीवरून येणारी ओल थेट वर्खाच्या पाठीवर टेकते आणि वाळायला तिला जागाच मिळत नाही. पाटी भिंतीपासून किमान १० ते १२ मिलिमीटर पुढे, स्पेसरवर हवी, म्हणजे मागून हवा खेळते. खाडीजवळच्या आणि भरावावरच्या इमारतींत भिंतीवर पांढरे क्षार फुलतात. ते पाठीच्या रंगाखाली गेले की रंग सोलून काढतात.

भिंत ओली आहे की नाही हे हाताने कळत नाही. पाटीच्या शेजारी हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर ओल भिंतीतून येते आहे. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर ओल हवेतली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. वाशीत एका सीएच्या ऑफिसाबाहेरच्या पाटीची दुसरी ओळ दरवर्षी खालून सुटत होती आणि दरवर्षी नव्याने सोनेरी होत होती. प्लास्टिक लावल्यावर भिंतीकडून थेंब आले. वरच्या मजल्यावरच्या एसीची ड्रेन पाइप भिंतीच्या आत गळत होती. प्लंबरने पाइप बदलली, भिंत वाळू दिली, पाटी स्पेसरवर घेतली, आणि ती ओळ टिकली. त्यात सोन्याचा काहीच दोष नव्हता.

एसीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे जी काच किंवा भिंत २६ अंशांहून थंड होईल तिच्या बाहेरच्या अंगाला पाणी सुटणार. दुकानाच्या दर्शनी काचेत वर्ख आतल्या अंगाला असतो आणि दव बाहेरच्या, त्यामुळे दिवसा नुकसान नाही. पण तीन ठिकाणी हेच उलटं होतं. केबिनच्या दारात वर्ख बाहेरच्या पॅसेजकडे असेल तर दव थेट पाठीवर बसतं. एसी केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर पाटी लावली असेल तर ती भिंतच थंड असते आणि तिच्यामागे पाणी धरतं. आणि रात्री एसी बंद करून खिडकी उघडी राहिली तर दमट हवा आत येऊन थंड काचेच्या आतल्या बाजूला दव पडतं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, दिवे लावायच्या आधी, काचेला आतून कोरडा कागद लावून बघा. ओला झाला तर पाणी कुठून येतं ते कळलं. एसीचा झोत थेट पाटीवर येत असेल तर लूव्हर वळवा.

सिलिकॉनसुद्धा बघा. काच बसवताना वापरलेल्या सिलिकॉनला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर वाळताना त्यातून अॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. आरशाची पाठ, पितळी वर्ख, चांदीचा वर्ख यांना ते खातं. बंद फ्रेममध्ये तर ते बाहेरही जात नाही. काचवाल्याकडे न्यूट्रल सिलिकॉन म्हणून मागा.

या तपासणीत पाणी सापडलं तर आधी ते बंद करा आणि किमान एक पावसाळी महिना थांबा. नवं अक्षर त्यानंतर.

चौथी तपासणी: सोनं खरं आहे का

पैसे खऱ्याचे घेतले आणि लावलं पितळ, हे होतं. समोरून बघूनही अंदाज येतो. तिरप्या उजेडात वर्खांच्या जोडाच्या पुसट रेषा दिसतात. खरा वर्ख साधारण ८० मिलिमीटर चौकोनी पानांत येतो, पितळी वर्ख साधारण १४० मिलिमीटरच्या. मोठ्या अक्षरात पट्टी धरून रेषांमधलं अंतर मोजा. सुमारे आठ सेंटिमीटर आलं तर बहुधा खरं सोनं, चौदाच्या जवळ आलं तर पितळ. हा पुरावा पक्का नाही, कारण लहान तुकड्यांनीही काम करतात. पक्कं हवं असेल तर सुटलेला एखादा कण कागदात घेऊन ओळखीच्या सराफाकडे जा. नायट्रिक आम्लाचा थेंब पडला की तांबं-जस्ताचा वर्ख विरघळून हिरवट-निळा होतो, सोनं तसंच राहतं. ते आम्ल घरी आणू नका.

पितळ निघालं तर काळे ठिपके दुरुस्त करण्यात अर्थ नाही. ते परत येणारच. पूर्ण पाटी नव्याने करायची किंवा आहे तशी स्वीकारायची, दोनच वाटा.

पाचवी तपासणी: भिंग आणि मास्किंग टेप

आता पाठीकडे या. भिंगातून अक्षराची कड बघा. वार्निश सोन्याच्या कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर गेलेलं दिसलं पाहिजे. ते काचेला थेट चिकटतं आणि सगळं अक्षर सीलबंद करतं. कडेबरोबर नेमकं थांबलेलं वार्निश दिसायला सुबक, पण जिलेटिनचा थर मग उघडा राहतो, आणि जिलेटिन पाणी ओढून घेतं. प्लॉटरवर कापलेला विनाइलचा स्टेन्सिल लावून रंग आणि वार्निश एकाच खिडकीतून मारलं की हमखास असं होतं. स्टेन्सिल काढून वार्निश हाताने, ब्रशने, बाहेर काढून घ्यावं लागतं. तो अर्धा तास वाचवला जातो आणि पाटीची काही वर्षं जातात.

मग कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात, मागच्या बाजूने, मास्किंग टेपचा इंचभर तुकडा दाबून लावा आणि सावकाश ओढा. टेपवर काहीच आलं नाही तर उत्तम. नुसता रंग आला आणि सोनं काचेवर राहिलं तर दोष रंगाचा, सोनं वाचवता येईल. रंगाबरोबर सोनंही आलं आणि काच स्वच्छ राहिली तर जिलेटिनची पकड गेली आहे किंवा मुळात काच तेलकट होती. तसं असेल तर त्या अक्षराला ठिगळ लावून उपयोग नाही. आज जे टिकलेलं दिसतं तेही त्याच पकडीवर आहे.

सहावी तपासणी: पाटी केली कशी होती

हे पेंटरला विचारायचं, किंवा स्वतः करत असाल तर स्वतःची पद्धत तपासायची.

जिलेटिनच्या पाण्याला आम्ही साइज म्हणतो. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्याला ‘डबल झिरो’ आकाराच्या एक ते दोन रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल, एवढंच प्रमाण. थोड्या पाण्यात आधी भिजवायचं, मग गरम पाणी घालायचं, उकळायचं नाही, कारण उकळल्यावर जिलेटिनची पकड जाते. नळाचं पाणी वापरलं तर क्षार सोन्याच्या पुढे बसतात, आणि ते समोरूनच दिसतात. साइज रोज ताजी करावी. आपल्या हवेत ती लवकर नासते आणि नासलेल्या साइजवर पुढे बुरशी येते.

जास्त जिलेटिन म्हणजे जास्त पकड, ही समजूत मी फार ठिकाणी पाहिली आहे. खरं तर जाड थर दुधाळ दिसतो आणि वाळताना आकसून वर्खाला ओढतो. सरसाची ओढ किती असते हे बघायचं असेल तर नक्षीदार काचेचं एक जुनं तंत्र आठवा. काच सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरखरीत करून, तिच्यावर जाड सरस ओततात. तो वाळताना आकसतो आणि काचेचे कपचेच उपटून काढतो, मागे नेच्याच्या पानांसारखी नक्षी राहते. जिलेटिन म्हणजे त्याच सरसाचं शुद्ध रूप. ते काच उपटू शकतं तर वर्खाचं काय घेऊन बसलात!

एक गोष्ट आधीच बोलून घ्या. जिलेटिन प्राणिज असतं. देवघरासाठी किंवा जैन घरासाठी पाटी असेल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगणं हे आपलं कर्तव्य आहे. वनस्पतिज कॅप्सूल निराळ्या पदार्थाच्या असतात, त्यांनी तशीच झळाळी आणि पकड मिळेल असं गृहीत धरू नका. तिथे वार्निशच्या साइजवर वर्ख लावता येतो. त्याने आरशासारखी चमक न येता मंद, मखमली सोनेरी येतं, आणि देवघराला ते शोभतंही.

काच स्वच्छ होती का, याची परीक्षा सोपी आहे. धुतलेली काच तिरकी धरून पाणी ओता. सलग पडदा राहिला तर स्वच्छ, मणी झाले किंवा पडदा फाटला तर तेलकट. खडूची बारीक पावडर पाण्यात कालवून चोळा, धुवा, पुन्हा बघा. त्यानंतर त्या अंगाला बोट लावायचं नाही.

राहिला पाठीचा रंग. इनॅमल एकाच जाड हातात मारलं की दुधावरच्या सायीसारखी वर कातडी धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. तो पुढे महिनोन्महिने आकसत राहतो आणि सोन्याला जाळीदार तडे पाडतो. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवणी, हाच उपाय. पावसाळ्यात चपडा (लाखेचं पॉलिश) किंवा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर मागून मारलं तर हवेतली ओल अडकून ते पांढरं पडतं. समोरून ते अक्षराभोवती धुक्याच्या कडेसारखं दिसतं. खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगा. ७० टक्क्यांच्या वर काटा असेल त्या दिवशी मी पाठीचं काम करत नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो.

एक-दोन अक्षरं स्वतः दुरुस्त करायची असतील तर

पाणी बंद झालंय, काच खाली काढता येते, पाटी अलीकडची आहे आणि सोनं खरं आहे, एवढं जमत असेल तरच हात घाला. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

शेजारच्या चांगल्या अक्षरांना टेप लावा. बिघडलेलं अक्षर पाण्याने ओलं ठेवून नव्या ब्लेडने, काचेला जवळजवळ आडवं धरून, मागून खरवडा. थिनर वापरू नका, तो टेपखालून शेजारच्या अक्षराच्या पाठीत जातो. खडूच्या पावडरीने काच स्वच्छ करा, पाण्याची परीक्षा घ्या. साइजचा भरपूर ओला हात मारा आणि खारीच्या केसांच्या रुंद, चपट्या ब्रशने वर्ख जवळ न्या. ओली काच तो स्वतः ओढून घेते. ब्रश गालावरून हलकेच फिरवला की त्याला वर्ख उचलण्यापुरती चिकटण येते. पंखा बंद, श्वाससुद्धा बाजूला. आधी सोनं मलूल दिसेल. पाणी उडून जाताना ते एका कडेपासून उजळत जातं. पूर्ण वाळल्यावर कापसाने अगदी हलकं घासा आणि मऊ ब्रशने गरम पाण्याचा एक हात फिरवा, जादा जिलेटिन निघून झळाळी वाढते. मग वर्खाचा दुसरा हात, जोडांवरची छिद्रं बुजवणं, वाळवणी. त्यानंतर मागून इनॅमलचे दोन पातळ हात देऊन अक्षर रंगवा. ते उलटं रंगवायचं आहे हे विसरू नका, मागून काम करताना काना डावीकडे येतो. रंग पूर्ण वाळला की भोवतालचा जादा वर्ख ओल्या कापसाने आणि चिमूटभर खडूने पुसून घ्या, आणि शेवटी वार्निश, कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काचेच्या कडेला कपचा उडाला असेल किंवा बारीक चीर असेल तर हात लावू नका. टफन्ड काच कडेच्या एका इजेने सगळी एकदम फुटते, आणि तिला नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. काचवाला बोलवा. पाटी पहिल्या मजल्याच्या उंचीवर असेल तर शिडी लावून स्वतः चढू नका, ते काम मचाण बांधणाऱ्यांचं.

मागून एलईडी लावलेली पाटी असेल आणि आत ओल दिसली तर मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याने पाहिल्याशिवाय फडकंसुद्धा आत घालू नका.

पाटीवर मॅट नक्षी असेल आणि ती जुळवायची असेल तर एचिंगचं आम्ल किंवा क्रीम घरी वापरू नका. त्यातल्या फ्लोराइडची इजा सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जाते. सँडब्लास्टिंग करणाऱ्या कारखान्यात काच द्या.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, त्याआधीचं बॅकिंग कोरडं खरवडू नका, विशेषतः पिवळं आणि लाल. मोठं क्षेत्र असेल तर कामच कसबी माणसाला द्या.

आजोबांच्या दुकानाची पाटी, जुना सोनेरी चौकटीचा आरसा, काचेवरचं देवाचं चित्र, अशा वस्तू पेंटरकडेही देऊ नका आणि माझ्याकडेही नाही. त्यांवर नवा वर्ख चढवला की जुनं काम कायमचं जातं. सुटलेले कण पाकिटात जपा, काच आडवी, सोन्याची बाजू वर करून कोरड्या जागी ठेवा आणि जतन-तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-जतन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

बाकी वेळी वर्खाचं काम करणारा पेंटर बोलावताना त्याला टॉर्चचा कागद, सकाळ-दुपारचे फोटो आणि प्लास्टिकच्या चाचणीचा निकाल दाखवा. मग तीन गोष्टी विचारा: वर्ख किती कॅरेटचा आणि त्याची पानं ज्यात येतात ते पुस्तक दाखवाल का, पाठीचे हात किती आणि मध्ये किती वाळवणी, वार्निश कडेच्या बाहेर काढणार का. काम झाल्यावर याच तीन उत्तरांची तारखेसह चिठ्ठी करून पाटीच्या फ्रेमच्या मागे, काचेला न लागेल अशी, चिकटवून घ्या. पुढच्या वेळी जो कुणी ती पाटी उघडेल त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.